कार्ल्याच्या खांबांतून रोमकडे

कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे, म्हणजे बौद्ध लेण्यातल्या प्रार्थनादालनाकडे तोंड करून उभं राहिलं, की डाव्या हाताला सोळा पैलूंचा सिंहस्तंभ दिसतो. त्याच्या जोडीचा दुसरा स्तंभ उजव्या हाताला असायला हवा, पण तिथं एकवीरा आईचं देऊळ आहे. गर्दी सगळी उजवीकडे. चैत्रातल्या यात्रेत तर पाऊल ठेवायला जागा नसते. कोळीवाड्यांतून आलेल्या पालख्या, बँड, गुलाल, नारळ, ओट्या. देवीचं दर्शन झालं की लेण्यात एक चक्कर, दोन फोटो आणि उतरून चिक्की, असा बहुतेकांचा क्रम. अधूनमधून मात्र खांद्याला ड्रॉइंग बोर्ड अडकवलेली पोरंपोरी डावीकडून थेट आत शिरतात आणि दोन-तीन तास बाहेर येत नाहीत. ही चित्रकला महाविद्यालयांतली मुलं. खांबाच्या माथ्यावरचा हत्ती कागदावर उतरवण्यात ती गढलेली असतात. घरी त्यांची वाट पाहत असते ती कलेतिहासाच्या पेपरची वही: ग्रीक, रोमन, गॉथिक, प्रबोधनकाळ. समोरचा हत्ती आणि घरची वही यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकायचा म्हणजे बहुधा छापील चित्रं पाहायची. पार्थेनॉन पोस्टकार्डाएवढं, सिस्टाइन चॅपेलचं छत दोन पानांएवढं आणि मोनालिसाही तेवढीच. खरी मोनालिसा 77 बाय 53 सेंटिमीटरची, म्हणजे घरातल्या मध्यम आरशाएवढी. पार्थेनॉनच्या नुसत्या एका खांबाची उंची दहा मीटरच्या वर. पुस्तकात सगळे सारखेच. चित्राचं त्यात फारसं बिघडत नाही, वास्तूचं बिघडतं. वास्तू पायांनी कळते. तिच्यात शिरावं लागतं, अंधाराला डोळे सरावू द्यावे लागतात, मान वर करावी लागते. ते न होता परीक्षेत 'रोमन बॅसिलिकेवर थोडक्यात टीप लिहा' असं आलं, की विद्यार्थी नकाशा काढतो, बाण काढून नावं देतो आणि पाच गुण मिळवतो. बॅसिलिका त्याला भेटलेली नसतेच.

पुण्या-मुंबईच्या माणसाला ती भेटू शकते ती मळवली स्टेशनच्या उत्तरेकडच्या या डोंगरात. निदान तिची चुलतबहीण तरी.

रोमन माणसाची बॅसिलिका म्हणजे देऊळ नव्हे. कोर्ट, सौदेबाजी, चावडीवरच्या गप्पा, सगळं एका छताखाली चालणारं ते सार्वजनिक दालन. लांबट आयत, मध्ये उंच आणि रुंद कक्ष, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, रांगांपलीकडे अरुंद वाटा आणि टोकाला अर्धगोल कोनाडा. या कोनाड्यात न्यायाधीश बसे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला जवळ केलं, तेव्हा शेकडो भाविक मावतील अशी जागा लागली. जुनी रोमन देवळं त्या कामाची नव्हती. त्यांत देव आत आणि माणसं बाहेर. म्हणून बॅसिलिकेचा साचा उचलला गेला. न्यायाधीशाच्या जागी वेदी आली, आणि पुढची हजार-बाराशे वर्षं युरोपभरची चर्चं याच साच्याची रूपं बदलत राहिली. मधल्या कक्षाला नेव्ह, बाजूच्या वाटांना आइल आणि अर्धगोल टोकाला ॲप्स म्हणतात, हे पाश्चात्त्य वास्तुकलेच्या बाराखडीचं पहिलं पान.

आता कार्ल्याच्या दारातून आत पाहा. समोर सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद आणि 46 फूट उंच दालन. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्यामागे अरुंद वाटा, टोक अर्धगोल आणि त्या टोकाशी स्तूप. स्तूपामागूनही खांबांची ओळ वळसा घेते, म्हणजे प्रदक्षिणेची सोय. हे लेणं इसवी सनाच्या पहिल्या शतकात, फार तर दुसऱ्याच्या सुरुवातीला पुरं झालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोममध्ये सम्राट ट्राजनची प्रचंड बॅसिलिका उल्पिया उभी राहिली ती इ. स. 112 मध्ये. दोन्ही वास्तू एकाच युगातल्या. आज उल्पियाच्या जागी उरले आहेत तुटक्या खांबांचे बुंधे आणि प्रवाशांचे कॅमेरे. कार्ल्याचं दालन छतासकट जसंच्या तसं आहे.

रोममध्ये त्या काळातलं एक बॅसिलिकेच्या घाटाचं दालन मात्र शाबूत सापडलं, तेही जमिनीखाली. 1917 मध्ये पोर्ता माज्जोरे नावाच्या वेशीजवळ रेल्वेमार्गाखालची जमीन खचली आणि खाली तीन पट्ट्यांत विभागलेलं, अर्धगोल टोकाचं, कमानदार छताचं पहिल्या शतकातलं छोटं दालन निघालं. त्याची बांधायची तऱ्हा ऐकून कार्ल्याचा पाथरवट गालात हसला असता. आधी जमिनीत चर आणि खड्डे खणले, त्यांत काँक्रीट ओतून खांब आणि भिंती केल्या, मातीच्याच साच्यावर छत ओतलं आणि मग आतली माती उपसून काढली. बांधकाम आणि खोदकाम यांची ही अजब सरमिसळ. कार्ल्यात तर ओतायचंही काही नव्हतं. बेसाल्टचा डोंगर होता, त्यातून नको तेवढा दगड काढून टाकायचा होता.

हे साम्य पाहून पहिल्यांदा चकित झाले ते इंग्रज. 1802 ते 1806 या काळात पूर्वेत फिरलेल्या लॉर्ड व्हॅलेन्शियाबरोबर हेन्री सॉल्ट नावाचा तरुण चित्रकार होता. त्याने काढलेली कार्ल्याची चित्रं व्हॅलेन्शियाच्या 1809 च्या प्रवासग्रंथात छापली गेली. हाच सॉल्ट पुढे इजिप्तमध्ये ब्रिटनचा वकील झाला आणि दुसऱ्या रामसेसचं ते अवाढव्य मस्तक ब्रिटिश म्युझियमकडे रवाना करणाऱ्यांत त्याचा हात होता. त्याच्यानंतर आला जेम्स फर्ग्युसन. मूळचा निळीचा मळेवाला, पुढे भारतीय वास्तुकलेचा पहिला मोठा इतिहासकार. त्याने कार्ल्याची मापं घेतली आणि लिहून ठेवलं, की रचनेत आणि मापांत हे दालन इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथेड्रलच्या किंवा फ्रान्समधल्या काँ शहरातल्या मठाच्या चर्चच्या वेदीकडच्या भागाशी फार जुळतं. नॉर्विचची पायाभरणी 1096 ची. म्हणजे हजार वर्षांनी धाकटी.

फर्ग्युसनच्या या तुलनेत एक गोम होती. चर्च ही त्याची मोजपट्टी, कार्लं हे मोजायचं कापड. स्तूपालाही तो वेदीच म्हणतो. याच मोजपट्टीने पुढे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी गांधार शैलीला डोक्यावर घेतलं, कारण तिच्यात ग्रीक वळण दिसत होतं. आणि बहुभुज देवदेवतांपुढे नाक मुरडलं. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी या कला-अभ्यासकांना त्याविरुद्ध अर्धं आयुष्य भांडावं लागलं. पण मोजपट्टी उलटीही धरता येते. ज्याने कार्लं नीट पाहिलं आहे, त्याने कार्ल्याच्या मापाने युरोप मोजायला काय हरकत आहे? आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तोच मार्ग सोपा, आणि बराचसा खराही.

उदाहरणार्थ लाकूड. कार्ल्याच्या छताला सागवानी फासळ्या आहेत, दगडात कोरलेल्या नव्हे, खऱ्या लाकडाच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडीच. सुमारे दोन हजार वर्षांचं हे सागवान मावळच्या पावसाळ्यांना पुरून उरलं आहे. गंमत म्हणजे या फासळ्या काहीच उचलत नाहीत. छत म्हणजे अखंड डोंगर, त्याला आधार कशाला? त्या आहेत कारण त्याआधीची चैत्यगृहं लाकडी होती आणि चैत्यगृह म्हटलं की डोळ्यांना फासळ्या हव्याच होत्या. आता ग्रीसकडे वळावं. पार्थेनॉनसारख्या डोरिक देवळाच्या माथ्यावर उभ्या खाचांचे दगडी चौकोन ओळीने बसवलेले असतात. ते तिथं का आहेत, याचं उत्तर रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने दिलं आहे: पूर्वीच्या लाकडी देवळांत तिथं तुळयांची टोकं दिसत, त्यांची ही दगडी आठवण. पुस्तकातलं हे वाक्य वाचून विद्यार्थी पुढे जातो. भाजे आणि कार्ले पाहून आलेला माणूस मात्र त्यापाशी थांबतो. सुताराच्या हातचं काम पाथरवटाच्या हाती जाताना काय होतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

भाज्याचं नाव आलंच आहे, तर तिकडे जाऊन यावं. मळवलीला रूळ ओलांडले की दुसऱ्या बाजूच्या डोंगरात, विसापूरच्या पायथ्याशी भाज्याची लेणी. तिथलं चैत्यगृह कार्ल्याहून दोनेक शतकं जुनं. खांब साधे अष्टकोनी, तळ नाही, माथा नाही, आणि ते चक्क आतल्या बाजूला कललेले. छताच्या भाराने लाकडी खांब बाहेर रेटले जाऊ नयेत म्हणून सुतार ते कलते लावीत, ती सवय दगडातही तशीच आली. मग बेडसे: आत साधेच खांब, पण ओसरीत उंच देखणे स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावर प्राण्यांवर बसलेली जोडपी. आणि मग कार्ले: आतले खांबही सरळ उभे, खाली पायऱ्यांच्या चौथऱ्यावर घट, वर घंटेसारखं उलटं कमळ, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर आरामात बसलेली माणसं. दगड हळूहळू स्वतःची भाषा बोलायला लागला. एका दिवसात तिन्ही पाहिली तर शैली म्हणजे काय आणि ती कशी सरकते, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

युरोपात कलेतिहास हे शास्त्र उभं राहिलं ते याच कौशल्यावर. जर्मन अभ्यासक व्हिंकेलमानने 1764 मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला तेव्हा नुसती शिल्पकारांची चरित्रं न सांगता शैलीचं बालपण, तारुण्य आणि उतार असा क्रम लावला. पुढे हाइनरिश व्होल्फलिन हा स्विस प्राध्यापक वर्गात दोन प्रोजेक्टर लावून दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवू लागला. एक प्रबोधनकाळातलं, एक बरोक. बघा आणि फरक सांगा. जगभरचे कलेतिहासाचे वर्ग अजून हेच करतात. भाजे आणि कार्ले यांच्यामध्ये इंद्रायणीचं खोरं आहे आणि मधून लोकल धावते, एवढाच काय तो फरक.

कार्ल्याच्या खांबांकडे जरा आणखी रेंगाळायला हवं, कारण पश्चिमेचा धागा तिथं सर्वांत उघड आहे. घंटेच्या आकाराचा माथा आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी ही कल्पना मूळची इराणच्या पर्सेपोलिसची, जे राजवाडे अलेक्झांडरने इ. स. पू. 330 मध्ये जाळले. इराणच्या सम्राटांकडे ग्रीक पाथरवट कामाला होते. सुसा येथील राजवाड्याच्या बांधकामाची हकीगत सम्राट दारियसने कोरून ठेवली आहे आणि तीत दगड घडवणारे आयोनियाचे, म्हणजे ग्रीक होते, असं स्पष्ट म्हटलं आहे. अशोकाच्या स्तंभांवर ही घंटा आली आणि तिथून फिरत फिरत सह्याद्रीत. आयोनियापासूनच 'यवन' हा शब्द तयार झाला. आणि कार्ल्याच्या खांबांवर तो शब्द वाचता येतो.

ब्राह्मी लिपीतले हे लेख म्हणजे देणगीदारांच्या पाट्या. हा खांब अमक्याने दिला, तो तमक्याने. देणाऱ्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे कित्येक जण आहेत आणि त्यांतले काही स्वतःला यवन म्हणवतात: सिहधय, धम्म आणि आणखी काही. नावं देशी, ओळख परकी. ते खरोखर ग्रीक होते, ग्रीक वंशाचे पण इथं मुरलेले होते की पश्चिमेकडच्या कुठल्याही व्यापाऱ्याला यवन म्हणत, यावर पंडितांचा वाद आहे. धेनुकाकट कुठलं, यावरही आहे. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने ये-जा करीत आणि सुट्टीत या डोंगरांतून पायी भटकत. त्यांनी 1955 मध्ये धेनुकाकटावर स्वतंत्र निबंध लिहिला. उजव्या रांगेतल्या एका खांबावर ग्रीक धर्तीचा स्फिंक्स, म्हणजे माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला प्राणी कोरलेला आहे, याकडे त्यांनीच लक्ष वेधलं. सापडला तर बघावा. हत्तींच्या गर्दीत तो पटकन दिसत नाही.

यवन इथं येण्याचं कारण घाट. बोरघाटाने खाली उतरलं की कल्याण, आणि कल्याणच्या बंदराचं नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत, पेरिप्लसमध्ये आहे. चौल, पैठण आणि तेरही तीत आहेत. रोमन साम्राज्यातून दारू, काच आणि नाणी येत. इकडून मिरी, कापड आणि हस्तिदंत जाई. कलाही त्याच गोणीतून प्रवास करीत होती. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940 च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती, आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ग्रीक मूर्तिकलेवर टीप लिहिणाऱ्या किती कोल्हापुरी मुलांनी ती पाहिली असेल? उलट दिशेनेही माल गेला. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्या जातकुळीच्या मूर्ती सापडल्या त्या मराठवाड्यातल्या तेर आणि भोकरदनला.

देणगीदारांच्या पाट्यांचा धडा पाश्चात्त्य कलेत पुढे फार कामी येतो. कार्ल्याचं हे शैलगृह पुरं केलं ते वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या शेठजींनी; आणि जंबुद्वीपात याच्या तोडीचं दुसरं नाही, अशी फुशारकीही कोरून ठेवली. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना गाव दिला. सिंहस्तंभ एका महारठीचा. सुतार, गंधी, भिक्षू, भिक्षुणी, सगळ्यांनी आपापल्या ऐपतीने भर घातली. आता इटलीत पदुआला चला. 1305 च्या सुमारास जोत्तो ज्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होता, ते एन्रिको स्क्रोवेन्यी या सावकारपुत्राने बांधवलं. बापाच्या सावकारीचं पाप फेडायला, असं म्हणतात. जोत्तोने त्याला भिंतीवरच रंगवलं आहे, हातात प्रार्थनागृहाची प्रतिकृती घेऊन ती देवदरबारी देताना. कलेच्या इतिहासात आपण कलावंतांची नावं पाठ करतो. पैसे कुणी दिले आणि का दिले, हे विचारायची सवय कार्ल्यात लागते, कारण इथं कलावंताचं नाव शोधावं लागतं आणि पैसेवाल्याचं चुकवता येत नाही.

दाराबाहेरच्या जोडप्यांपाशी मात्र तुलना अडखळते आणि तिथंच ती खरी रंगते. ओसरीच्या भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या भरदार जोड्या कोरल्या आहेत: एक पाय सैल, कमरेला हलकी कलाटणी, चेहऱ्यावर निवांत हसू. पुढे पाचव्या-सहाव्या शतकात बुद्धमूर्तींसाठी त्यांच्या शेजारची भिंत पुन्हा कोरली गेली, पण या जोड्या टिकल्या. त्याच काळातला रोमन पुतळा म्हणजे प्रिमा पोर्ताचा ऑगस्टस. तोही एका पायावर भार टाकून उभा आहे. ग्रीकांनी पाचशे वर्षं आधी शोधलेली ती उभं राहण्याची तऱ्हा. पण ऑगस्टसच्या अंगाखाली स्नायू आहेत, हाडं आहेत, शिल्पकाराने प्रेतं नसली तरी पैलवान नक्की निरखले असावेत. कार्ल्याच्या जोडप्यांत स्नायू नाहीत. कातडीखाली श्वास भरून राहिला आहे, असं वाटतं. ग्रीकांनी शरीर कसं हलतं ते पाहिलं, इथल्या पाथरवटाने ते कसं फुलतं ते पाहिलं. यात कमी-जास्त काही नाही. पण एक पाहिल्याशिवाय दुसऱ्याचं वेगळेपण डोळ्यांत भरत नाही.

हे दोन प्रकारचे डोळे एका माणसात आणायचा एक प्रयोग पुण्यातच झाला, तोही पेशवाईत. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स 1792 मध्ये पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं काढली. त्याच्या सहवासात तयार झाला गंगाराम चिंतामण तांबट. भांडी घडवणाऱ्यांच्या आळीतला हा माणूस पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढत होता, पर्वती काढत होता आणि वेरूळची लेणी काढताना पाश्चात्त्य यथादर्शन, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूला मिळतात हे तंत्र वापरत होता. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हे तंत्र फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने 1420 च्या आसपास सिद्ध केलं. कार्ल्याच्या दारात मधोमध उभं राहून खांबांच्या दोन रांगा स्तूपाकडे निमुळत्या होताना पाहिल्या, की ब्रुनेलेस्कीला काय दिसलं असेल ते कळतं. ड्रॉइंग बोर्डवाली मुलं पहिली रेष तिथंच चुकवतात.

वेल्स 1795 मध्ये वारला आणि तो प्रयोग विझला. पुढचा मोठा अध्याय मुंबईचा. जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये त्यांच्या नावाचं कला विद्यालय सुरू झालं आणि ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून तिथली मुलं छायाप्रकाश गिरवू लागली. 1890 मध्ये तिथं शिरलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आठवणींत त्या जगाचं मनोहर दर्शन घडतं. कधी वाटतं, त्या पांढऱ्या प्लास्टरच्या देवांपुढे घालवलेल्या तासांपैकी चार जरी लोणावळ्याच्या गाडीला दिले असते तर? बोरघाटातून रेल्वे तर 1863 पासून धावत होती. पण त्या काळाचा धर्मच वेगळा होता, आणि त्याच विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं खर्ची घातली, हेही विसरून चालणार नाही.

त्यानंतरची पाश्चात्त्य कला मराठी मुलखात विखुरलेली आहे, ती वेचत फिरावं लागतं. गॉथिक हवं असेल तर मुंबईचं बोरीबंदर: एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेल्या त्या स्टेशनाच्या खांबांवरची पानंफुलं आणि माकडं जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातची. बरोक हवं असेल तर जुना गोवा. बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीखालचा रंगीत संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला आणि मेदिचि घराण्याच्या तिसऱ्या कोझिमोने पाठवला. 1698 मध्ये तो तिथं बसला. वर गोव्याच्या सोनारांची चांदी, खाली मेदिचींचा संगमरवर. युरोपीय तैलचित्रं हवीत तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांचा संग्रह. याच संग्रहालयाने डिसेंबर 2023 मध्ये भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पं एका दालनात शेजारी शेजारी मांडली होती. आणि विसाव्या शतकासाठी सातारा जिल्ह्यातलं औंध: बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात शिल्पकार हेन्री मूरची माय-लेकराची मूर्ती आहे, हे सांगितल्यावर पुण्यातले चित्रकारही कधी कधी भुवया उंचावतात.

वाचायला मराठीत अगदीच दुष्काळ नाही. वाईच्या मराठी विश्वकोशाने दृक्‌प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद असे शब्द घडवून दिले. ते जड आहेत, पण 'इंप्रेशनिझम' तरी कुठं हलका आहे? माधुरी पुरंदरे यांचं 'पिकासो' आणि अच्युत गोडबोले-दीपा देशमुख यांचं 'कॅनव्हास' ही घरोघरी गेलेली पुस्तकं. दोन्हींचा भर चित्रकारांवर, त्यांच्या आयुष्यावर. वास्तूंवर मराठीत मन लावून लिहिलेलं कमी आहे. म्हणून पुन्हा कार्ल्याकडेच यावं लागतं.

दुपार कलली की समोरच्या भल्यामोठ्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या गवाक्षातून उजेड तिरपा आत येतो. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी अंधारात असलेला स्तूप आता उजळतो आणि बाजूच्या वाटा आणखी काळ्या पडतात. रोमच्या सांता सबिना या पाचव्या शतकातल्या चर्चमध्ये दोन्हीकडे बारा-बारा खांब आहेत आणि प्रकाश वरच्या खिडक्यांच्या ओळीतून सगळीकडे सारखा झिरपतो. कार्ल्यात खिडकी एकच. डोंगरात दुसरी कुठून काढणार? त्या एका खिडकीतून जे व्हायचं ते होतं.

मुलांचं चित्र एव्हाना संपत आलेलं असतं. त्यांतलं एखादं पाय मोकळे करायला स्तूपामागून फेरी घालतं, आणि तिथल्या सात खांबांना ना घट आहे, ना कमळ, ना हत्ती, हे त्याच्या लक्षात येतं. नुसते अष्टकोनी सोट, भाज्याच्या खांबांसारखे. समोरून स्तूप आड येतो, म्हणून कोरले नसतील. की जुनी पद्धत मुद्दाम तशीच ठेवली असेल? पार्थेनॉनच्या त्रिकोणी माथ्यावरच्या मूर्तींची पाठ भिंतीकडे होती, जमिनीवरून ती कधीच कुणाला दिसणार नव्हती. तरी शिल्पकारांनी ती पुरी घडवली, हे त्या मूर्ती खाली उतरल्यावर कळलं. मुलगा खांबावरून हात फिरवतो, तेवढ्यात पहारेकरी बंद व्हायची वेळ झाल्याची शिट्टी वाजवतो. बाहेर एकवीरेची सांजआरती सुरू होण्याच्या बेतात असते.